नव्या खोलीच्या ठरावात जुनी खोली पाडायचंही लिहा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या सरकारी मराठी शाळांच्या सुधारणा कमिटीतल्या (एसडीएमसीतल्या) पालकांसाठी हे लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण पुढची बैठक होण्याआधी वाचा.

एसडीएमसीच्या बैठकीत खोल्यांचा विषय निघाला की सगळी चर्चा मंजुरीभोवती फिरते. किती खोल्या, कुठल्या निधीतून, आमदारांना कधी भेटायचं. मागणी रास्तच आहे. पण नवी खोली होते आणि जुनी तिथेच उभी राहते. दाराला कुलूप घातलं की कमिटीच्या दृष्टीने प्रश्न मिटला. मधल्या सुट्टीत पोरं मात्र तिच्याच सावलीला डबा खातात, तिच्याच भिंतीवर चेंडू मारतात. माझं मत स्पष्ट आहे: ज्या ठरावात नवी खोली मागता, त्याच ठरावात धोकादायक खोली पाडायची मागणी असलीच पाहिजे. नंतर वेगळा अर्ज करू म्हटलं की तो वर्षानुवर्षं मागे पडतो.

जुनी खोली पडते कशी, हे नीट बघा. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात कौलारू शाळेचं दुखणं भिंतीच्या माथ्यावर सुरू होतं. माकडं कौलं सरकवतात, पाणी वाशावरून उतरून भिंतीत मुरतं. वाशाचं जे टोक भिंतीत गाडलेलं असतं तिथे ओल कायम राहते, आणि वाळवी लागते ती तिथेच. खोलीच्या मधून वर पाहिलं तर वासा ठणठणीत दिसतो, टोकाला मात्र भुसा झालेला असतो. म्हणून तपासणी टोकाला करा: स्क्रूड्रायव्हर दाबा, सहज आत गेला तर तो वासा गेला समजा. रस्त्यावर उभं राहून आढ्याची रेघ बघा, मध्ये झोक दिसला की छत खचतंय. भिंत मातीत बांधलेली असेल तर ओळंबा सोडून पोट बाहेर आलंय का बघा. वरून सिमेंटचा गिलावा असल्यामुळे अशी भिंत पक्की वाटते, पण आतली माती भिजली की ती एकदम बसते. हे नेमकं पावसाच्या झडीत किंवा झडीनंतर ऊन पडल्यावर होतं, आणि तेव्हा शाळा भरलेली असते.

निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या काळ्या मातीत तऱ्हा वेगळी. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया वरखाली होतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. भेग वाढतेय की थांबलीय हे बघायला तिच्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर पाया अजून हलतोय. अशा भेगेवर दरवर्षी गिलावा मारून रंग देणं म्हणजे पैसे वाया आणि वर धोका लपवणं.

आता पाडायची वाट. इमारत सरकारी आहे, कमिटीने परस्पर हात लावायचा नाही. मुख्याध्यापकांनी ठराव, फोटो आणि शाळेचा यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) जोडून बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात प्रस्ताव द्यायचा, अभियंत्याकडून पाहणी करून घेऊन इमारत वापरायोग्य नसल्याचा दाखला मिळवायचा, मग मंजुरी. अडतं कुठे? एक, सागवान, कौलं, दगड यांचं मूल्यांकन आणि लिलाव. हे कुणीच अंगावर घेत नाही, म्हणून मूल्यांकनाची मागणी पहिल्याच अर्जात घाला. दोन, जागेचा उतारा. जुन्या काळी गावातल्या कुणीतरी तोंडी शब्दावर जागा दिली, उताऱ्यावर नाव अजून त्यांच्याच घरचं. बक्षीसपत्र होऊन शाळेचं नाव लागेपर्यंत पाडणंही अडतं आणि नवा निधीही. उतारा आजच काढून बघा.

मंजुरी येईपर्यंत भिंतीच्या उंचीच्या किमान दीडपट अंतरावर बांबू आणि जाळीचं कुंपण घाला. दहा फूट भिंतीला पंधरा फूट. त्या खोलीची वीज मेन बोर्डापासूनच तोडून घ्या.

नवी खोली मंजूर झाली की लक्ष द्यायची वेळ उन्हाळ्यात येते. काम बऱ्याचदा आर्थिक वर्ष संपता संपता सुरू होतं आणि स्लॅब एप्रिल-मेमध्ये ओतला जातो. विहिरी, बोअर नेमके तेव्हाच तळाला जातात, पाणी मारण्यात कसूर होते, आणि पहिल्याच मिरगाच्या पावसात छत गळायला लागतं. स्लॅबवर वाफे बांधून पाणी साठवा. आज बाजारात मिळणाऱ्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान दहा दिवस तरी पाणी हवंच. वीस फुटी खोलीच्या स्लॅबखालचे टेकू चौदा दिवसांच्या आत काढू देऊ नका, मग जूनमध्ये शाळा उघडायची कितीही घाई असो. टँकरचा खर्च कोण करणार हे स्लॅबच्या आधी ठरवा. याच एका मुद्द्यावरून सगळी हयगय होते.

खोलीला दोन दारं, दोन्ही बाहेर उघडणारी. रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे जोतं दीड फूट असेल तर रॅम्प अठरा फूट लांब हवा. जागा नाही म्हणून सहा फुटांत उरकलेल्या रॅम्पवरून व्हीलचेअर चढत नाही, आणि पावसात धडधाकट मूलही घसरतं. विजेच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून तो बंद पडतो का बघा. हेस्कॉमची (वीज कंपनीची) सर्व्हिस वायर पत्र्याला घासत असेल तर त्याच दिवशी कळवा.

अक्षर दासोहची (शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेची) स्वयंपाकखोली वर्गाच्या एकमेव वाटेवर कधीही बांधू नका. 2004 मध्ये तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत आग स्वयंपाकाच्या जागेतूनच पसरली आणि 94 मुलं गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये शाळांच्या अग्निसुरक्षेबाबत आदेश दिले ते त्याच घटनेच्या संदर्भात. सिलिंडर भिंतीबाहेर जाळीत ठेवा, रबरी नळी पाच वर्षांत बदला, आणि अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा. स्वयंपाक करणाऱ्या बायकांना ते प्रत्यक्ष वापरून दाखवा, कारण आगीजवळ पहिल्यांदा त्याच असणार. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कुठल्याही कामासाठी स्वयंपाकखोलीत येता कामा नये. बिहारमधल्या छपऱ्याजवळ 2013 मध्ये कीटकनाशकाने दूषित झालेल्या जेवणातून 23 मुलं दगावली.

शौचालयाचं प्रमाण चाळीस मुलांमागे एक युनिट असं आहे, पण पाणी नसेल तर आकडा पुरा करून उपयोग नाही. नळ आतच हवा, आतली कडी पहिलीतल्या मुलीच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर हवी. शाळेच्या मागे, कुणाचं लक्ष जात नाही अशा कोपऱ्यात ते बांधू नका. मुलाशी गैरप्रकार झाल्याचं कळलं तर पोक्सो (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या) कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तो विषय कमिटीत मिटवता येत नाही. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक वर्गाच्या दारावर मराठीत मोठा लिहा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे कमिटीत निम्म्या महिला असतात. शौचालयाचा नकाशा त्यांच्यासमोर ठेवा, त्यांचं म्हणणं ऐका, आणि मगच सही घ्या.

ठराव कन्नडमध्ये टंकून घ्या, फाईल त्याच भाषेत पुढे सरकते. त्यासोबत मराठी प्रत तयार करून बैठकीत मोठ्याने वाचा, म्हणजे सही करणाऱ्या प्रत्येक पालकाला आपण काय मागतोय हे कळेल. अर्ज देताना पोच घ्या, तिच्यावर शिक्का आणि तारीख आहे का बघा. तोच ठराव ग्रामसभेत पीडीओंकडेही (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडेही) द्या. कंपाऊंड, शौचालय, मैदान ही कामं कर्नाटकात रोजगार हमीतून झालेली आहेत, पण पंचायतीच्या कृती आराखड्यात नाव नसेल तर पैसे असूनही काम होत नाही. फोटो काढताना भेगेशेजारी मोजपट्टी धरा, म्हणजे कार्यालयात बसलेल्यालाही तिची रुंदी दिसेल.