भूत हमखास सापडावं म्हणून

इंग्लंडात जाऊन एखाद्या जुन्या वास्तूत भूत शोधायचं तुमच्या मनात आलंय, हे फार उत्तम. फक्त एक गाठ आधीच मारून ठेवा. भूत शोधायला जायचं नसतं, भूत सापडलंय असं ठरवून जायचं असतं. नुसतं शोधायला गेलेल्यांना आजवर बहुधा उंदीर, गळकी पन्हळ आणि नीट न लागणारी खिडकी एवढंच मिळालंय.

वास्तू जुनी असायलाच हवी असं नाही, जुनी वाटली की पुरे. एसेक्समधल्या बोर्ली गावची रेक्टरी, म्हणजे तिथल्या पाद्रीबुवांचा वाडा, बांधला 1862-63 साली. 'इंग्लंडातलं सर्वांत झपाटलेलं घर' ही पदवी मिळाली तेव्हा त्याला धड ऐंशी वर्षंही झाली नव्हती. भूत मात्र कित्येक शतकांपूर्वीच्या एका ननचं. जवळच्या मठातल्या साधूबरोबर ती पळून जात होती, पकडली गेली आणि तिला जिवंत भिंतीत चिणलं, अशी कथा. तिथे असा मठ होता याला पुरावा नाही. पण पुराव्यावाचून अडतं कुणाचं? नन दिसते म्हणजे मठ असणारच, आणि मठ होता म्हटल्यावर नन दिसायलाच हवी.

घर घेताना सोयी बघून घ्या. बोर्लीला वीज नव्हती, गॅस नव्हता, पाणी पंपाने उपसायचं. मध्ये चौक, त्याला तीन बाजूंनी इमारत, त्यामुळे एका टोकाला कुणी खाकरलं तर ते नेमकं कुठून आलं हे कळायची सोय नव्हती. बांधणाऱ्या रेव्हरंड हेन्री बुल यांना चौदा मुलं. चौदा मुलांच्या घरात रात्री जिन्यावर पावलं वाजतात याचं ज्याला नवल वाटतं, असाच माणूस तुम्हाला साक्षीदार म्हणून हवा. 28 जुलै 1900 रोजी संध्याकाळी बुलांच्या चार मुलींना हिरवळीवर नन दिसली. तारीख टिपून ठेवा. भुताच्या कामात तारीख पक्की असली की बाकीचं पातळ असलेलं चालतं.

आता गुरू. गुरू एकच, हॅरी प्राइस. कागदी पिशव्या विकणारा आणि हौशी जादूगार. म्हणजे हातचलाखी कशी करतात हे कळणारा तपासनीस, आणखी काय हवं? 1929 साली रेक्टरीत नव्याने आलेल्या स्मिथ दांपत्याने या भानगडीबद्दल 'डेली मिरर'ला पत्र लिहिलं. कुणा जाणकार मंडळींची गाठ घालून द्या, एवढंच त्यांचं मागणं. वर्तमानपत्राने बातमीदार धाडला आणि पाठोपाठ प्राइसही आला. तो आला तशी भुतं एकदम कामाला लागली. दगड पडू लागले, फुलदाणी फुटली. तो गेल्यावर पुन्हा सामसूम. स्मिथबाईंना पुढे प्राइसचाच संशय आला. आणखी एका बातमीदाराने तर प्राइस वारल्यावर सांगितलं की एक खडा डोक्यात बसल्यावर आपण प्राइसला धरलं, तेव्हा त्याचे खिसे खड्यांनी भरलेले होते. तुम्ही अशा कोत्या मनाच्या लोकांकडे लक्ष देऊ नका. खिशात काय ठेवावं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

साक्षीदारांची भरती कशी करावी, हेही त्याच्याकडूनच शिका. मे 1937 मध्ये प्राइसने ती रिकामी पडलेली रेक्टरी वर्षभरासाठी भाड्याने घेतली आणि 'द टाइम्स'मध्ये जाहिरात दिली. सवड असलेले, बुद्धिमान, धीट, चिकित्सक आणि पूर्वग्रह नसलेले लोक पाहिजेत. अशी 48 माणसं मिळाली. मग या पूर्वग्रह नसलेल्यांच्या हातात त्याने एक छापील पुस्तिका दिली. आजवर कुठे काय दिसलं, कुठे काय ऐकू आलं, नन कुठल्या वाटेने फिरते, कुठे विशेष लक्ष ठेवावं, सगळं तीत नमूद. मला विचाराल तर संशोधनाच्या इतिहासात याला तोड नाही. परीक्षेआधीच उत्तरपत्रिका वाटली आणि नंतर सर्वांची उत्तरं जुळली म्हणून निकाल जाहीर केला.

त्या 48 जणांपैकी बऱ्याच जणांना काहीच दिसलं नाही. याने खचू नका. ज्यांना दिसलं त्यांचं लिहा. ज्यांना दिसलं नाही त्यांचं मन त्या दिवशी थाऱ्यावर नसेल.

भिंतींचा विषय जरा सावकाश घेऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. स्मिथांनंतर रेक्टरीत राहिलेल्या फॉयस्टर पाद्र्यांच्या बायकोचं नाव मॅरियान. त्यांच्या मुक्कामात भिंतींवर वेडंवाकडं पेन्सिलीचं लिखाण उमटू लागलं. 'मॅरियान, कृपया मदत', असं काहीबाही. मॅरियानबाईंनी भुताला ताटकळत ठेवलं नाही. खाली स्वच्छ मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं की मला समजत नाही, आणखी सांगा. पुढे प्राइसची माणसं आली ती खडू-पेन्सिली घेऊनच. भिंतीवरच्या प्रत्येक जुन्या खुणेभोवती वर्तुळ काढायचं, दुसऱ्या खेपेला वर्तुळाबाहेर नवी रेघ दिसली की भुताच्या खाती मांडायची. पेन्सिली घेतलेली इतकी माणसं अंधारात भिंती चाचपत फिरत असताना तिथे नव्या रेघा कशा उमटत असतील, हे गूढ आजही कायम आहे.

भाकितांचं तंत्रही आत्मसात करा. मार्च 1938 मध्ये लंडनच्या स्ट्रेटममध्ये प्लँचेटवर एक आत्मा आला आणि म्हणाला, आज रात्री रेक्टरी जाळणार. त्या रात्री काहीच जळलं नाही. बरोबर अकरा महिन्यांनी, 27 फेब्रुवारी 1939 ला, नवे मालक कॅप्टन ग्रेगसन खोकी उघडत असताना रॉकेलचा दिवा कलंडला आणि घर पेटलं. विमा कंपनीने चौकशी करून ही आग मुद्दाम लावल्याचा निष्कर्ष काढला. विमा कंपन्यांना अध्यात्म नसतं, त्यांचं मनावर घेऊ नका. तुम्ही एवढंच ध्यानात धरा की आत्म्याने सांगितलेल्या वेळेत अकरा महिने इकडे-तिकडे चालतात.

घर पाडल्यावरही धंदा थांबत नाही. 1944 मध्ये पाडकाम चालू असताना 'लाइफ' साप्ताहिकासाठी काढलेल्या फोटोत एक वीट हवेत तरंगताना दिसली. प्राइसने ती छापली. आता पाडकामाच्या जागी मजूर विटा फेकत असतात, ही अंधश्रद्धा काही लोकांच्या डोक्यातून जाता जात नाही. तळघर खणताना हाडं निघाली तेव्हाही गावकरी म्हणाले, डुकराची आहेत. ती ननची म्हणून रीतसर दफन झाली. 1956 साली सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चच्या तिघांनी अख्खं प्रकरण उसवून दाखवलं. भुताखेतांचा अभ्यास करायला 1882 साली निघालेली संस्था, आणि ऐन वेळी अशी उलटली. घरचेच भेदी म्हणतात ते हे.

एक धोका मात्र गंभीरपणे सांगतो. टीममध्ये इंजिनियर घेऊ नका. कॉव्हेंट्रीत विक टँडी नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या प्रयोगशाळेत लोकांना थंडी वाजायची, कुणीतरी आहे असं वाटायचं, त्यांना स्वतःला डोळ्यांच्या कडेला करड्या रंगाची आकृती दिसली. एवढा मुद्देमाल हाती असताना त्यांनी काय केलं? तलवारबाजीचं पातं शिकंज्यात अडकवलं होतं, ते आपोआप थरथरतंय हे पाहिलं आणि हिशेब करत बसले. निघालं काय, तर नवा बसवलेला पंखा. सेकंदाला 19 च्या आसपास कंपनं, कानाला ऐकू न येणारी. पंख्याची बैठक बदलली, भूत गेलं. पुढे हेच गृहस्थ कॉव्हेंट्रीतल्या चौदाव्या शतकातल्या एका तळघरातही मापं घ्यायला गेले. अशा माणसाला चहाला बोलवा, वाड्यात नको.

मानसशास्त्रज्ञही टाळा. हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात आठव्या हेन्रीची पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड किंचाळत फिरते म्हणतात. 1542 मध्ये तिचा शिरच्छेद झाला, तेव्हा तक्रार रास्त आहे. तिथे रिचर्ड वाइजमन आणि त्यांचे सहकारी शेकडो पर्यटकांना नकाशे देऊन, कुठे काय वाटलं ते नोंदवायला लावून बसले. मग प्रकाश किती, चुंबकीय क्षेत्र किती, झोत कुठून येतो, हे मोजत बसले. एक राणी पाचशे वर्षं ओरडतेय आणि यांना दाराच्या फटीची पडलीय!

उपकरणांचं सोपं आहे. विद्युतचुंबकीय मीटर घ्या, भिंतीतल्या जुन्या वायरिंगपाशी तो छान टुकटुकतो. रेडिओची स्टेशनं भराभर फिरवणारी पेटी घ्या. त्यातून अर्धवट शब्द येतात, उरलेले तुम्ही पुरे करायचे. मोबाइल मात्र चालूच ठेवा, मीटरला कंपनी लागते. आपल्याकडचा मुंजा पिंपळावर फुकटात राहतो, त्याला यातलं काही लागत नाही. इंग्रज भुताच्या दर्शनाला मात्र बहुतेक ठिकाणी तिकीट पडतं, रात्रभराचं असेल तर चांगलंच जड. तिकीट काढल्यावर काहीच दिसलं नाही असं सांगणारा माणूस स्वतःच्या पैशांचा वैरी समजावा.

बोर्लीला गेलात तर रेक्टरी नाही म्हणून परत फिरू नका. भुतांनी रस्ता ओलांडून समोरच्या चर्चमध्ये बिऱ्हाड केल्याचं सांगतात. गावातल्या लोकांना रात्री-अपरात्री येणाऱ्या गाड्यांचा कंटाळा आलाय, एवढीच काय ती अडचण. रात्री दोनला स्मशानाच्या भिंतीपाशी रेकॉर्डर लावून बसा. एखाद्या घराची खिडकी उघडून कुणी ओरडलं तर घाबरू नका, नोंद करा: वेळ दोन वाजून दहा, पुरुषाचा आवाज, उच्चार स्थानिक, भाव संतप्त, आशय आम्ही इथून चालतं व्हावं असा.