परममित्र राष्ट्राकडून काजू कसा घ्यावा

आपण कोकणातले काजू कारखानदार असाल, एखाद्या व्यापारी मंडळाचे पदाधिकारी असाल किंवा नुसतेच देशाच्या आर्थिक भवितव्याची काळजी वाहणारे गृहस्थ असाल, तर दोन विकसनशील देशांमधले व्यापारी संबंध दृढ करण्याची जबाबदारी आज ना उद्या आपल्यावर येणारच आहे. परिषदेचे निमंत्रण येईल, गळ्यात ओळखपत्र अडकवले जाईल, आणि व्यासपीठावर समई पेटत असताना शेजारच्या खुर्चीवरचे पाहुणे नेमके कोणत्या देशाचे आहेत, हे आपल्याला आठवेनासे होईल. ती वेळ येण्यापूर्वी थोडी तयारी केलेली बरी.

सर्वप्रथम मित्र निवडावा. जे आपल्याकडे पिकत नाही ते ज्याच्याकडे पिकते त्याच्याशी व्यापार करावा, असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. त्याकडे लक्ष देऊ नये. आपल्याकडे जे पिकते तेच ज्याच्याकडे अधिक आणि स्वस्त पिकते, तो खरा परममित्र. या कसोटीवर पश्चिम आफ्रिकेतला आयव्हरी कोस्ट उत्तम उतरतो. कच्च्या काजूच्या उत्पादनात तो आज जगात पहिला आहे. अलीकडच्या वर्षांत तिथे दहा लाख टनांच्या आसपास काजूबी निघते आणि तिचा मोठा हिस्सा न फोडताच आबिजानच्या बंदरातून व्हिएतनामकडे आणि भारताकडे रवाना होतो. तिथला हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, आपलाही साधारण तेव्हाच. त्यामुळे सावंतवाडीचा बागायतदार आणि बोंदुकूचा शेतकरी एकाच वेळी बोंडापासून बी पिळून वेगळी करीत असतात आणि एकाच वेळी भाव पडल्याचे ऐकतात. याहून घट्ट संबंध कोणत्या करारात लिहून मिळणार?

भाषणात प्राचीन नात्याचा उल्लेख अवश्य करावा. काजूच्या बाबतीत एक लहानशी अडचण आहे, ती म्हणजे हे झाड ना आपले ना त्यांचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते ब्राझीलहून आणून गोव्याच्या किनाऱ्यावर आणि मोझांबिकमध्ये लावले. आयव्हरी कोस्टच्या उत्तर भागात तर ते स्वातंत्र्याच्या सुमारास जमिनीची धूप थांबवण्यासाठी लावले गेले. तेव्हा पोर्तुगिजांचे नाव गाळून ‘एकाच वृक्षाच्या छायेतले दोन देश’ असे काहीतरी म्हणावे. परिषद वेंगुर्ल्यात भरवणार असाल तर पाहुण्यांना फळ संशोधन केंद्र दाखवावे, सागरेश्वराचा किनारा दाखवावा, मात्र डच वखारीच्या पडक्या भिंतींकडे नेऊ नये. परकी माणसे येऊन कच्चा माल कसा उचलून नेतात, याची त्यांना भलत्या वेळी आठवण व्हायची.

आता प्रत्यक्ष खरेदी. दोन स्वतंत्र, स्वाभिमानी राष्ट्रांमधला हा सौदा डॉलरमध्ये होतो, हे आपण गृहीत धरलेच असेल. त्यांचा फ्रँक युरोला बांधलेला आहे, आपला रुपया तिथल्या शेतकऱ्याने पाहिलेला नाही, म्हणून दोघांनाही परका असलेला डॉलर मध्यस्थ म्हणून बसतो. मालाची प्रत ठरवण्याची रीत तर याहून गमतीची आहे. नमुन्याची किलोभर बी पोत्यातून काढतात, ती मोजतात, अडकित्त्यासारख्या सुरीने एकेक फोडतात, काळपट आणि सुरकुतलेले गर बाजूला काढतात आणि उरलेला चांगला गर तोलून उतारा काढतात. हा उतारा ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड, असा सांगायचा असतो. पोते किलोत आणि गर पौंडात! दोन्ही देशांत पौंड वापरात नाही. पण ४८ पौंड उताऱ्याची बी आली म्हटल्यावर वेंगुर्ल्यातल्या कारखानदाराचा चेहरा जसा खुलतो तसा २७ टक्के म्हटल्याने खुलत नाही. साहेब गेला तरी त्याचे माप अंगवळणी राहते, आणि व्यापारात अंगवळणी पडलेल्या गोष्टीला प्रश्न विचारू नये.

येथवर सारे सोपे होते. खरे कौशल्य लागते ते शुल्काच्या प्रकरणात, आणि तिथे आपण दोन फायली ठेवाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पहिल्या फायलीत श्रीमंत देशांविरुद्धची आपली जुनी भाषणे असावीत. युरोप-अमेरिका कच्च्या मालावर नाममात्र शुल्क घेतात आणि त्याच मालाचा पक्का माल झाला की शुल्क वाढवत नेतात, त्यामुळे गरीब देशांत कारखाने उभे राहत नाहीत आणि ते कायम कच्चा माल पुरवणारेच राहतात, असे गाऱ्हाणे विकसनशील देश जिनिव्हातल्या व्यापार वाटाघाटींत वर्षानुवर्षे मांडत आले, आणि त्यात आपला आवाज कधी मागे नव्हता. ही भाषणे उत्तम आहेत. ती जपून ठेवावीत. दुसऱ्या फायलीत आपले स्वतःचे दर ठेवावेत. २०१८ च्या अर्थसंकल्पात कवचासह येणाऱ्या काजूवरचे सीमाशुल्क ५ टक्क्यांवरून २.५ टक्के झाले. पुढच्याच वर्षी, जुलै २०१९ मध्ये, सोललेल्या काजूगरावरचे शुल्क ४५ टक्क्यांवरून ७० टक्के झाले. आणि त्याच्या महिनाभर आधी अख्ख्या गराला किलोमागे ७२० रुपये आणि तुकड्याला ६८० रुपये अशी किमान आयात किंमत ठरली. म्हणजे मित्राने बी पाठवली तर दार उघडे, आणि तीच बी घरी फोडून पाठवली तर दारावर कुलूप. दोन्ही फायलींची कपाटे मात्र वेगवेगळ्या खोल्यांत असावीत, आणि दोन्ही किल्ल्या एकाच अधिकाऱ्याकडे देऊ नयेत.

इथे एक गोष्ट उपरोध बाजूला ठेवून सांगितली पाहिजे. त्या ७० टक्क्यांच्या आडोशाला सिंधुदुर्गातले लहान लहान कारखाने तगून आहेत, आणि त्या कारखान्यांत बी फोडणाऱ्या, गराची साल काढणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. टरफलातले तेल बोटांना लागून कातडी काळी पडते, सोलते. म्हणून त्या हाताला राख लावून किंवा मोजे घालून कटिंग मशीनवर बसतात, आणि पाय दाबला की खाली येणाऱ्या पात्याखालून अख्खा गर निघावा म्हणून बी नेमकी आडवी धरतात. पाकळी झाली की भाव पडला, कणी झाली की आणखी पडला. आयव्हरी कोस्टने उद्या फोडलेला काजू बिनशुल्क आणून ओतला तर पहिली पाळी यांचीच. तेव्हा हे शुल्क निव्वळ लबाडी आहे असे म्हणता येत नाही; पण श्रीमंत देशसुद्धा आपापल्या कामगारांकडे बोट दाखवून हेच सांगत होते, एवढे लक्षात असावे. असो. अशा विचारांनी परिषदेच्या जेवणाची चव जाते.

मित्र अधिकच गरीब असेल तर त्याच्याशी अधिक उदारपणे वागावे. २००८ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत पहिली भारत-आफ्रिका शिखर परिषद झाली, तेव्हा अतिअविकसित देशांसाठी शुल्कमाफीची आणि शुल्कसवलतीची योजना जाहीर झाली, आणि त्या घोषणेत ज्या मालाची नावे आवर्जून घेतली गेली त्यांत काजू होता. बेनिन, गिनी-बिसाऊ, टांझानिया, मोझांबिक हे या उदारतेचे मानकरी. दात्याला ज्याची टंचाई आहे नेमके तेच घेऊन येण्याची मोकळीक याचकाला देणारे असे दान पुराणांतही क्वचितच सापडेल.

मित्राने स्वतः कारखाने काढायचे मनावर घेतले तर काय करावे, हा प्रश्न आपल्याला पडला असेल. त्यासाठी मोझांबिकचा इतिहास वाचावा. स्वातंत्र्यापूर्वी काजूत जगात अग्रेसर असलेल्या या देशाला १९९० च्या दशकात जागतिक बँकेने सल्ला दिला, की कच्च्या काजूवरचा निर्यातकर उतरवा म्हणजे शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल. कर उतरला. बी भारताकडे निघाली. तिथले, नुकतेच खासगी मालकांनी विकत घेतलेले कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा शेतकरी कुटुंबाच्या पदरात वर्षाला जेमतेम पाच डॉलर जादा पडल्याचे दिसले. या प्रकरणात आपण काहीच केले नव्हते, फक्त गिऱ्हाईक म्हणून उभे होतो, हे आपले सांगणे खरेच आहे आणि ते तसेच शांतपणे सांगावे.

बेनिनने मात्र हा इतिहास उलट्या बाजूने वाचला असावा. त्याने १ एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूची निर्यातच बंद केल्याचे जाहीर केले आणि ग्लो-जिग्बेच्या औद्योगिक वसाहतीत काजू फोडण्याचे कारखाने उभे केले. तारखेवरून कोणी ही थट्टा समजू नये. अशा प्रसंगी आपण दुखावल्यासारखा चेहरा करावा, ‘मुक्त व्यापाराच्या तत्त्वाला बाधा’ हे शब्द वापरावेत, आणि भारताने स्वतः कधी कांद्याची, कधी तांदळाची निर्यात कशी रोखली होती, हे विचारायला कोणी उठलाच तर चहाची वेळ झाल्याचे जाहीर करावे.

राहता राहिला घरचा बागायतदार. त्याला सांभाळणे तुलनेने सोपे आहे, कारण त्याच्याकडे साठवणुकीला जागा नसते आणि मे महिन्यात लग्नकार्ये असतात. तो मार्चअखेर बीचे पोते घेऊन बाजारात येतो, त्याला दुकानाच्या पायरीवरच सांगावे, “काकानू, आफ्रिकेचो माल इलोहा, शंभराच्या वर माका परवडाचा नाय.” आफ्रिकेचा माल खरोखर आला आहे की अजून अरबी समुद्रात आहे, हे त्याला दिसण्याची सोय नाही; त्यामुळे आयव्हरी कोस्टचे जहाज न येताही कोकणातला भाव उतरवू शकते. आंतरराष्ट्रीय व्यापाराची याहून मोठी ताकद मला तरी ठाऊक नाही.

तो फारच कुरकुरला तर बांद्याच्या नाक्यापलीकडे गोव्यात सरकारने २०२३ साली किलोमागे १५० रुपयांचा आधारभाव ठरवला, हे त्याच्या कानावर जाणार नाही असे पाहावे. ते त्याला आधीच ठाऊक असते, पण तो विषय आपण काढू नये. दोनशे रुपयांचा भाव मागणाऱ्या सिंधुदुर्गातल्या बागायतदारांना आपल्या राज्य सरकारने २०२४ साली किलोमागे १० रुपयांचे अनुदान जाहीर केले, तो विषय मात्र जरूर काढावा. त्यासाठी सातबारा लागतो, आणि कोकणातल्या सातबाऱ्यावर पणजोबांपासून मुंबईच्या चुलतभावांपर्यंत सगळ्यांची नावे असतात. त्यांची संमतिपत्रे गोळा होईपर्यंत पुढचा मोहर येतो आणि चळवळीतली माणसे तहसील कार्यालयात आपोआप गुंतून पडतात.

फोडलेला माल विकताना देशप्रेमाला आणि प्रदेशप्रेमाला पूर्ण वाव द्यावा. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे. ते मिळवण्यासाठी कोणीतरी बरीच कागदपत्रे केली असणार, तेव्हा त्याच्या पुण्याईचा लाभ सर्वांना मिळावा. मुंबई-गोवा महामार्गावरच्या दुकानात पाकिटावर माडाचे झाड, लाल माती आणि ‘अस्सल कोकणचा मेवा’ ही अक्षरे असली, की आतला गर कोणत्या गोलार्धातून आला याची चौकशी पर्यटक करीत नाही; आणि केलीच तर तो फोडला कोकणात, सोलला कोकणात, खारवला कोकणात, हे शपथेवर सांगता येते.

शेवटी पाहुण्यांना निरोप देण्याची वेळ येईल. सामंजस्य करारावर सह्या झाल्या, शाली पांघरून झाल्या, की प्रत्येक प्रतिनिधीच्या हाती भेट म्हणून किलोभर काजूचा डबा द्यावा. शक्यतो डब्ल्यू १८० चा, अंगठ्याएवढ्या गराचा. फक्त डब्यावरची किंमत छापलेली चिठ्ठी आधी नखाने खरवडून काढावी. आयव्हरी कोस्टच्या सरकारने २०२४ च्या हंगामात शेतकऱ्याला द्यायचा भाव किलोमागे २७५ फ्रँक ठरवला होता, म्हणजे आपले चाळीसेक रुपये. किलोभर गराला चार किलोच्या आसपास बी लागते. आणि एवढ्या मोठ्या शिष्टमंडळात कोरोगोकडचा, घरी काजूची बाग असलेला, तोंडी हिशेबात पक्का असा एखादा तरुण अधिकारी असतोच. त्याला डबा दोन हातांनी द्यावा, फोटो काढून घ्यावा आणि गाडी लगेच मोप्याच्या विमानतळाकडे काढायला सांगावी.