कोसंबींच्या जयंतीला हार नको, तराजू आणा

३१ जुलै ही गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींची जयंती. जन्म १९०७चा, गोव्यातला. पण आयुष्य मुख्यतः पुण्यातलं. फर्ग्युसनमध्ये १९३३ ते १९४५ गणित शिकवलं, नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले तरी घर पुण्यातच ठेवून डेक्कन क्वीनने ये-जा केली, आणि २९ जून १९६६ला गेले तेही इथेच. त्यांच्या नावाने आपल्याकडे जे होतं ते ठरलेलं आहे: तसबीर, हार, दोन व्याख्यानं, चहा. इतिहासवाले इतिहासावर बोलतात, गणितवाले आपापसात गणितावर बोलतात, आणि शेवटी कुणीतरी घाईघाईने सांगतं, "ते जागतिक शांतता परिषदेचेही सदस्य होते." हे "ही" मला खटकतं. नाणी तोलणारे, जनुकांमधली अंतरं काढणारे आणि अणुबॉम्बच्या विरोधात उभे राहणारे कोसंबी वेगवेगळे नव्हते. आधी मोजा, मग बोला, ही एकच सवय तिन्हीकडे आहे. ती दाखवायची तर व्याख्यान कमी करा आणि टेबलावर तराजू मांडा.

प्राचीन आहत नाणी, म्हणजे चांदीच्या तुकड्यावर ठसे मारलेली कार्षापणं, साधारण साडेतीन ग्रॅमची. त्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही. कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं, हे ठरवायचं कसं? कोसंबींनी ती तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, त्यामुळे जुन्या गटाचं सरासरी वजन उतरतं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वजनांची पसरण वाढते, कारण एक नाणं बाजारात रोज फिरतं आणि दुसरं मडक्यात पडून राहतं. मागच्या बाजूला तपासनिसांनी मारलेले बारीक ठसे असतात. हे ठसे जितके जास्त, तितकं नाण्याचं सरासरी वजन कमी, हेही त्यांनी आकड्यांनी दाखवलं. आणि हा नियम खरा आहे का, हे बघायला त्यांनी त्या काळी चलनात असलेली नाणीही तोलली. मला त्यांचा हा भाग सगळ्यात आवडतो.

हा प्रयोग कोणत्याही कॉलेजात होतो. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं घ्या, तांबं-निकेलचं, टांकसाळीतून निघताना ९ ग्रॅमचं. नंतरचं पाचाचं नाणं ६ ग्रॅमचं आहे; दोन्ही एकत्र झाली तर "प्रचंड झीज" सापडेल आणि हसं होईल. रुपयाचं स्टीलचं नाणं नको, ते फार कमी झिजतं आणि त्यातही जुनं ४.८५ ग्रॅमचं, २०११ नंतरचं ३.७९चं. दोन सालं निवडा, मध्ये सात-आठ वर्षांचं अंतर असू द्या, उदाहरणार्थ १९९४ आणि २००२. प्रत्येक सालाची निदान ५० नाणी, शंभर मिळाली तर उत्तम. सालाखालची टांकसाळीची खूणही बघा: मुंबईचा पत्त्यांतल्यासारखा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची खूणच नसते. एका टांकसाळीची नाणी एका गटात ठेवा.

स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही. निदान ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा, रसायनशास्त्र विभागातला मिलिग्रॅमचा मिळाला तर काम चोख. पंखा बंद करा, नाहीतर शेवटचा आकडा नाचत राहतो. दर वीस नाण्यांनंतर एक प्रमाण वजन ठेवून काटा सरकला नाही ना ते पाहा. नाणी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. चिंच किंवा पितांबरी लावून घासलीत तर आपणच धातू काढतो आणि झीज इतिहासाच्या नावावर जाते.

मग प्रत्येक गटाची सरासरी काढा आणि प्रसरण, म्हणजे वजनं सरासरीभोवती किती पसरली आहेत त्याचा आकडा, काढा. दोन्ही आकडे शेजारी लिहा, सरासरीवर थांबू नका. प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा नाणी गोळा करतानाच. मुलांच्या गल्ल्यातली नाणी वर्षानुवर्षं पडून असतात, ती झिजलेली नसतात. चकचकीत नाणी वेगळी काढायचा मोह होतो, तोही नको. खऱ्या प्राचीन नाण्यांत आणखी एक अडचण: जमिनीत पुरलेल्या चांदीतून तांबं निघून जातं, गंज चढतो. म्हणून तुलना एकाच निधीतल्या, म्हणजे एका जागी एकत्र सापडलेल्या, नाण्यांची करावी, तक्षशिलेची आणि दुसरीकडची एका तक्त्यात कोंबू नयेत.

शेतकी कॉलेजच्या मुलांसाठी दुसरं टेबल. गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायचं, १९४४मध्ये कोसंबींनी दिलेलं सूत्र वनस्पती-पैदासकार आजही वापरतात. दोन जनुकांमधलं पुनर्संयोजनाचं प्रमाण, म्हणजे त्यांची जोडी पुढच्या पिढीत किती वेळा फुटते ते, 'र' धरलं तर अंतर = ¼ × [(१ + २र) ÷ (१ − २र) याचा नैसर्गिक लॉगरिदम]. र = ०.३० घेतलं तर १.६ ÷ ०.४ = ४, त्याचा लॉग १.३८६, चौथा हिस्सा ०.३४७, म्हणजे ३४.७ सेंटीमॉर्गन (हे या अंतराचं एकक). जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेनच्या सूत्राने तेच अंतर ४५.८ येतं, कारण एका जागी गुणसूत्रांची अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होणं अवघड जातं, हे त्यात धरलेलं नाही. मुलं ०.३०च्या जागी ३० टाकतात आणि लॉग ऋण संख्येचा मागितला म्हणून संगणक अडतो. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती दिसत नाही: एक नकाशा हॉल्डेनने काढायचा, दुसरा कोसंबीने, आणि मग त्यांची लांबी ताडून पाहायची.

आता शांतता. जुलै १९६०मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबात कोसंबी अणुऊर्जेवर बोलले. भारताला अणुवीज परवडते का, तिचा लपलेला खर्च कोण भरतो, आणि डोक्यावर एवढं ऊन असताना आपण सौरऊर्जेकडे का बघत नाही, असा त्यांचा रोख होता. अणुकार्यक्रमाचे प्रमुख होमी भाभा, आणि कोसंबी ज्या संस्थेत नोकरीला त्या संस्थेचेही तेच संचालक. १९६२मध्ये कोसंबींचा करार पुढे वाढवला गेला नाही. त्यामागे काय काय होतं यावर वाद घाला, पण त्यांनी मत बदललं नाही एवढं नक्की. अणुऊर्जेबद्दलचं त्यांचं सगळंच मला पटत नाही. वीजनिर्मिती आणि बॉम्ब यांना ते फार जवळ आणून ठेवतात असं मला वाटतं. सौरऊर्जेचा हिशेब मात्र आज कुणीही गच्चीवर तपासू शकतो: भर दुपारी चौरस मीटरला साधारण १,००० वॅट ऊन, २० टक्के कार्यक्षमतेचं पॅनेल, म्हणजे एका किलोवॅटला ५ चौरस मीटर जागा, पुण्यात वर्षाची सरासरी दिवसाला ४ युनिटच्या आसपास. जुलैत हा आकडा बराच खाली येतो, म्हणून जयंतीच्या दिवशीच मोजून त्यांना खोटं पाडू नका.

आणि एक तक्ता चुकांचाही लावा. रीमान गृहीतकाची, म्हणजे अविभाज्य संख्यांशी जोडलेल्या एका प्रसिद्ध न सुटलेल्या कोड्याची, सिद्धता म्हणून त्यांनी जे १९५९मध्ये छापलं, ते चुकीचं होतं, आणि तेही गणिताच्या नव्हे, कृषी-सांख्यिकीच्या नियतकालिकात. ते लपवून केलेला गौरव त्यांना चालला असता असं वाटत नाही, कारण दुसऱ्यांच्या चुका त्यांनी कधी झाकल्या नाहीत.

ज्यांना हे करायचंय त्यांनी जूनमध्येच विभागाकडे काट्यासाठी अर्ज द्यावा. जुलैत प्रवेशांची धांदल असते, प्रयोगशाळेची चावी कुणाकडे आहे हेच कळत नाही. आणि ९ ग्रॅमची पाचाची शंभर नाणी जमवायला सहज महिना जातो.