एक टक्क्याखालचे घटक म्हणजे कचरा नव्हे

रोशा गवताचे तेल काढणाऱ्या वऱ्हाडातील शेतकऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. जेरॅनिऑल, म्हणजे या तेलातील मुख्य सुगंधी घटक, ८० टक्के भरले की तेल अव्वल, एक टक्क्याखालचे घटक म्हणजे कचरा आणि भेसळ ओळखायला कागदावरचा एक थेंब पुरेसा (डाग न ठेवता उडाला तर तेल शुद्ध), असे त्यात ठासून सांगितले आहे. यावर विसंबून माल विकणाऱ्याचे नुकसान होईल, म्हणून हे उत्तर.

थेंबाच्या कसोटीतून खाद्यतेलासारखा न उडणारा पदार्थ मिसळला आहे का, एवढेच कळते. टर्पेंटाइन किंवा कृत्रिम जेरॅनिऑल उडून जाते आणि कागद कोराच राहतो. उलट संत्र्याच्या सालीचे दाबून काढलेले अस्सल तेल त्यातील मेणामुळे व रंगद्रव्यांमुळे डाग सोडते. म्हणजे खरा माल नापास आणि खोटा पास!

मुख्य घोटाळा टक्केवारीचा आहे. टक्केवारी प्रमाण सांगते, वास सांगत नाही, कारण किती अल्प प्रमाण नाकाला जाणवते हे प्रत्येक घटकाचे वेगळे असते. गुलाबतेलात सिट्रोनेलॉल सुमारे ३८ टक्के आणि डॅमॅसीनोन जेमतेम ०.१४ टक्के असते. पण पाण्यात सिट्रोनेलॉल जाणवायला अब्ज भागांत सुमारे ४० भाग लागतात, तर डॅमॅसीनोनला ०.००९ भाग पुरतो. प्रमाणाला या मर्यादेने भागले, तर डॅमॅसीनोनचा वासातील वाटा सिट्रोनेलॉलच्या सुमारे सोळापट निघतो. संत्र्याच्या तेलातही ९० टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते, तरी फळाची ओळख पटते ती ऑक्टॅनल, डेकॅनल, सिनेन्सल अशा किरकोळ घटकांमुळे.

आपल्या भट्टीवरही हेच दिसते. पाणी कमी पडून तळाचे गवत करपले की तेलात जळकट वास उतरतो. जेरॅनिऑलचा आकडा जवळपास तोच राहतो, पण व्यापारी कागदाची पट्टी हुंगतो आणि भाव पाडतो.

प्रयोगशाळेचा खर्च लहान उत्पादकाला जड जातो, ही संदेशातील तक्रार मात्र रास्त आहे. शिवाय तेलाचे घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीच्या साध्या अहवालात प्रत्येक घटक आलेखावर शिखरासारखा दिसतो, आणि मोठ्या शिखराच्या आड लहान शिखर दडू शकते. त्यावर उपाय म्हणजे यंत्रातून बाहेर पडणारा प्रवाह विभागून अर्धा घटक मोजणाऱ्या शोधकाकडे आणि अर्धा हुंगणाऱ्या तज्ज्ञाच्या नाकाकडे नेण्याची पद्धत. कोणत्या क्षणी कोणता वास आला, हे त्यात नोंदवले जाते. प्रत्येक खेपेला याची गरज नाही. हंगामातील एका चांगल्या खेपेची अशी तपासणी करून घ्यावी, त्याच तेलाचा नमुना गडद काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून थंड जागी ठेवावा आणि पुढची प्रत्येक खेप त्याच्याशी हुंगून ताडून पाहावी.