चार स्पीकर, एक चॅनल आणि ‘चौपट आवाज’

सध्या एक सल्ला जोरात फिरतोय: ‘गाडीतले चारही स्पीकर अॅम्प्लिफायरच्या एकाच चॅनलला (आउटपुटला) पॅरलल जोडा, म्हणजे सगळ्यांचे प्लस एकत्र, मायनस एकत्र. ताकद चौपट, आवाज चौपट. ओहम-बिहम म्हणजे नुसता बागुलबुवा. फ्यूज उडाला तर मोठा टाका.’ यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात.

‘ताकद चौपट.’ कागदावर, हो. गाडीतला स्पीकर बहुधा 4 ओहमचा, म्हणजे विजेला तेवढा रोध करणारा. त्याला 10 व्होल्ट दिले तर तो अडीच अँपिअर ओढतो, म्हणजे 25 वॅट. असे चार पॅरलल जोडले की भार 1 ओहमवर येतो. करंट 10 अँपिअर, वॅट 100. पण प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला तेच 25! शिवाय 10 अँपिअर द्यायची ऐपत अॅम्प्लिफायरकडे हवी. पुष्कळांवर ‘किमान 2 ओहम’ असं लिहिलेलं असतं, ब्रिज केल्यावर (दोन चॅनल मिळून एकच भार चालवताना) किमान 4. कारण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला निम्माच भार दिसतो. त्याखाली गेलात की आवाज चढवताच लाल दिवा लागून सगळं गप्प. तेही आतलं संरक्षण धड असेल तर. नसेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टरच जातात.

‘आवाज चौपट.’ वॅट चौपट झाल्याने 6 डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायलाच साधारण 10 लागतात.

‘मीटरवर 3.4 दिसतात, मग 4 ओहम ही थापच.’ हे पुढे जोडलेलं शेपूट. मल्टिमीटर स्पीकरमधल्या तारेच्या कॉइलचा डीसी (एकाच दिशेच्या करंटला होणारा) रोध मोजतो, तो छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच येतो. गाणं वाजताना इंपीडन्स, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या करंटला होणारा एकूण अडथळा, प्रत्येक सुराला बदलतो. 4 हा त्याचा ठरवून दिलेला आकडा.

‘मोठा फ्यूज टाका.’ हा मात्र सरळ धोका. फ्यूज असतो वायरीसाठी. वायर तीच ठेवून फ्यूज वाढवला तर आधी वितळणार ती वायर, आणि ती गालिच्याखालून गेलेली असते.

चारही स्पीकर एका चॅनलवर हवेतच, तर दोन-दोन सिरीजमध्ये (एकामागोमाग) जोडा, म्हणजे 8 आणि 8. त्या दोन जोड्या पॅरलल केल्या की पुन्हा 4 ओहम. चारही एकसारखे हवेत, नाहीतर वाटणी बिघडते. प्लस-मायनसची खात्री नसेल तर स्पीकर सुटा करून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) बाहेर उसळला तर सेलचं प्लस जिथे टेकलंय तेच स्पीकरचं प्लस. चारांतला एक जरी उलटा लागला तरी बास पोकळ होतो, आणि माणूस दोष देतो अॅम्प्लिफायरला.