दात कोरून सहाशे एमबी

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की माझ्या अंगात काटकसर संचारते. त्या दिवशी रिसायकल बिन झटकली, टेम्प फायली उडवल्या, तरी पट्टी लालच. शेवटी डिस्कचे कप्पे दाखवणारं विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडलं आणि अगदी टोकाला ते सापडलं. रिकव्हरी पार्टिशन नावाचा वेगळा कप्पा, 600 एमबी. त्याला ना सी-डीसारखं अक्षर, ना कुणाची ये-जा, आणि वर चक्क लिहिलेलं, मोकळी जागा 100 टक्के! भाडं न देता जागा अडवून बसलेला भाडेकरू, दुसरं काय.

(ते 100 टक्के म्हणजे शुद्ध थाप. डिस्क मॅनेजमेंटला त्या खोलीत डोकावता येत नाही, म्हणून ते तिला रिकामी ठरवून मोकळं होतं. हे मला नंतर कळलं. मला सगळं नंतरच कळतं.)

राइट क्लिक केलं तर यादीत फक्त ‘हेल्प’. ती घ्यायला काय हरकत होती? पण मी हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून डिस्कपार्ट हे कप्पे पाडा-जोडायचं हत्यार चालवलं. तेही नकोच म्हणालं, पार्टिशन संरक्षित आहे म्हणे. मग मी ‘डिलीट पार्टिशन’च्या पुढे ‘ओव्हरराइड’, म्हणजे संरक्षण असलं तरी उडव, असं लिहिलं. सेकंदात मैदान साफ. ते 600 एमबी सी ड्राइव्हला जोडले. पट्टी लाल ती लालच.

पुढे एकदा अपडेट चालू असताना वीज गेली आणि विंडोज उठेना. अशा वेळी दुरुस्तीचा जो निळा पडदा येतो, त्याचं सगळं सामान ‘विनआरई डॉट विम’ नावाच्या एका फायलीत असतं. आणि ती फाइल राहायची त्या भाडेकरूच्या खोलीत! मित्राच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. नंतर काळ्या खिडकीत ‘रीएजंटसी /इन्फो’ असं या दुरुस्तीच्या सोयीबद्दल विचारलं, तर उत्तर: डिसेबल्ड, म्हणजे बंद. खोली हलवायचीच असेल तर आधी ‘रीएजंटसी /डिसेबल’ म्हणायचं असतं, मग ती फाइल आपलं सामान घेऊन सी ड्राइव्हवर येते, आणि नवी खोली तयार झाली की ‘/एनेबल’. मी खोली पाडून मग चौकशीला गेलो होतो.

आता नवं पार्टिशन आहे. पण तेही त्याच डिस्कवर, म्हणजे घराची जादा किल्ली घरातच. डिस्क गेली की दोघंही जाणार. म्हणून एका 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह, म्हणजे दुरुस्तीच्या सामानाची बाहेरची प्रत, बनवला. ते करताना पेनड्राइव्ह आधी पूर्ण पुसला जातो, हे पडद्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. दोन वर्षांचे फोटो गेल्यावर मी ते नीट वाचलं.

पेनड्राइव्हवर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी डकवून तो खणात ठेवला. काल मुलगी म्हणाली, “बाबा, तो खणातला पेनड्राइव्ह घेतला हं. तुझं काहीच नव्हतं त्यात, नुसत्या कसल्या कसल्या फायली होत्या. जागा अडवून बसल्या होत्या उगीच.”