इंटरनेट फोन न घेणारा दुकानदार मागासलेला नसतो

उद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतो आहे: ‘ऑफिसचा फोन इंटरनेटवर घ्या. खर्च शून्य, आवाज लँडलाइनसारखाच, नंबर तोच, कायद्याची अडचण नाही. तरीही जे घेत नाहीत, त्यांची मानसिकताच जुनी.’ मी वीस वर्षं ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं यंत्र) बसवतो आणि आता इंटरनेट फोनही बसवतो. हा फोन चांगलाच आहे. पण असल्या भरवशावर घेऊन एकदा हात पोळलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

‘खर्च शून्य.’ स्वतःच्या शाखांमधलं बोलणं जवळपास फुकट होतं, हे खरं. पण जुन्या गाळ्यांत फोनसाठी दोन तारांची वायर असते आणि आयपी फोनला, म्हणजे इंटरनेटवर चालणाऱ्या फोनला, लॅनची (कॉम्प्युटर नेटवर्कची) केबल लागते. म्हणजे नवी केबल, नवे फोन, त्या केबल एकत्र जोडून फोनना वीज पुरवणारा डबा, म्हणजे स्विच. जुने फोन ठेवायचे तर मध्ये त्यांना इंटरनेटशी जोडणारा गेटवे बसवावा लागतो, तोही विकतच.

आणि वीज! जुन्या तांब्याच्या लँडलाइनला टेलिफोन एक्सचेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, एक्सचेंजला बॅटऱ्या असायच्या. भोसरीत गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तरी फोन वाजायचा. इंटरनेट फोनच्या वाटेवर फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि खुद्द फोन, सगळ्यांना वीज हवी. यातलं एक जरी बंद पडलं तरी फोन मुका. इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होताना राउटर क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर चालू कॉल तुटतो आणि पुढची दोन-तीन मिनिटं ग्राहकाला फोन लागत नाही. या डब्यांना वेगळा यूपीएस द्यावाच लागतो.

‘आवाज तसाच.’ येऊ शकतो. एका कॉलला दोन्ही दिशांना सुमारे ९० केबीपीएस इतका इंटरनेटचा वेग लागतो (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस), म्हणजे दहा कॉल एका एमबीपीएसमध्ये मावतात. त्यामुळे १०० एमबीपीएसचा प्लॅन हे उत्तर नव्हे. त्याच राउटरवरून सीसीटीव्हीचं चित्रण क्लाउडवर चढत असेल तर अपलोड भरतं, शब्द गाळले जातात. आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त लागले की माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात. राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम द्यावा लागतो. ते काम कोण करणार, हे त्या मजकुरात नाही.

‘नंबर तोच.’ त्याच कंपनीत राहून फायबरवर गेलात तर बहुधा राहतो. कंपनी बदलली तर नाही. २०११पासून देशभर मिळालेली नंबर पोर्टेबिलिटी मोबाइलसाठी आहे, लँडलाइनसाठी नाही. ज्याचा नंबर पंचवीस वर्षं शटरवर आणि खोक्यांवर छापलेला आहे, तो बिचकला तर चूक त्याची नाही.

‘कायद्याची अडचण नाही.’ हे सर्वांत धोक्याचं. भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२पासून परवानगी मिळाली, पण इंटरनेटवरून देशातल्या साध्या फोनला जोडणी करायला मुभा नव्हती. २०१८मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांसाठी तो रस्ता मोकळा केला. २०२० आणि २०२१मध्ये कॉल सेंटरवरची नोंदणी आणि बंधनं सैल झाली. आज परवानाधारक कंपनीकडून सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी फोनजोडणी) घेतलीत तर काहीच बेकायदा नाही. पण परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल ऑफिसातल्या साध्या लाइनवर किंवा सिमवर उतरवून पुढे पाठवणं हा गुन्हा आहे. ‘स्वस्तात जोडून देतो’ म्हणणारा नेमकं हेच करत असू शकतो, आणि पोलीस येतात ते यंत्र ज्याच्या जागेत आहे त्याच्याकडे.

त्या मजकुरात चोरीचा शब्दही नाही. पासवर्ड सोपा ठेवून सिस्टीम इंटरनेटवर उघडी सोडली, तर भामटे रात्रभर तिच्यावरून महागड्या परदेशी नंबरांना कॉल लावतात. आंतरराष्ट्रीय कॉलची गरज नसेल तर ते पहिल्याच दिवशी बंद करून घ्या.

राहिली मानसिकता. माझ्याकडे येणारे दुकानदार विचारतात: वीज गेली तर? नंबर गेला तर? बिघडलं तर रविवारी कोण येणार? मी त्यांना एक लाइन इंटरनेटवर घेऊन जुनी तीन महिने शेजारी चालू ठेवायला सांगतो. त्यातले बरेच जण चौथ्या महिन्यात आपणहून दुसरी लाइनही बदलायला सांगतात.